टोकियोतली मशीद नेमकी कुणाची? (आणि जाता जाता दसरा चौक)

साचेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं वाचनमात्र. पण गेल्या महिन्यात कंपनीच्या कामानं बारा दिवस जपानला जाऊन आलो आणि एक गोष्ट डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत असतो, भाषा भट्टीतली वाटली तर सांभाळून घ्या.

निघायच्या आदल्या दिवशी आमच्या पॅटर्न शॉपमधले चाचा म्हणाले, "साहेब, तिकडं तुर्कांनी बांधलेली मशीद हाय म्हणं एक. जमलं तर फोटो आणा. माणसांचं नको, कामाचं आणा." चाचा गेली तीस वर्षं लाकडाचे पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा पाडायचे नमुने, करतात. कुठलीही वस्तू दिसली की ती साच्यातून सुटंल का, एवढंच बघणार. माझ्या मुलीच्या बारशाला आले होते, तर पाळण्याची कडी उलटी करून बघत बसले.

शेवटचा रविवार मोकळा मिळाला. शिंजुकूहून ओदाक्यू लाइन धरली, योयोगी-उएहाराला उतरलो आणि चालत निघालो. चार-पाच मिनिटांत जपानी इमारतींच्या रांगेतून एकदम मिनार वर आला. ४१ मीटरहून थोडा उंच. नाव 'टोकियो जामी'. खाली तुर्की सांस्कृतिक केंद्र, वरच्या मजल्यावर नमाजाचं दालन.

मी आपला दबकत गेलो. बूट कुठं काढायचे, आत सोडतील का, टोपी लागते का. आत बघतो तर सगळा जपान्यांचाच घोळका. एकजण त्यांना जपानीत माहिती सांगत होता. शनिवार-रविवारी दुपारी अशी फेरी असते, पैसे पडत नाहीत, आधी नाव द्यावं लागत नाही. काठी टेकत आलेल्या आज्या, कॉलेजची पोरं, सगळे माना वर करून घुमट बघत होते. घुमट सहा खांबांवर पेललाय, उंची २३ मीटरच्या वर. रंगीत काचांच्या खिडक्यांतनं उजेड येतो तो गालिच्यावर सांडल्यासारखा दिसतो. एका कोपऱ्यात चारजण नमाज पढत होते. त्यांना कुणाची अडचण नव्हती, कुणाला त्यांची नव्हती.

आता मूळ मुद्दा. ही मशीद पहिल्यांदा बांधली ती तुर्कांनी नव्हे. रशियात क्रांती झाल्यावर तातार आणि बश्कीर मुसलमान मिळेल त्या वाटेनं पूर्वेकडं पळाले, त्यातले काही जपानला पोचले. देश नाही, पासपोर्ट नाही. तरी आधी त्यांनी पोरांसाठी शाळा काढली, छापखाना काढला, आणि १९३८ च्या मे महिन्यात मशीद उघडली. पैसा जपानी लोकांनीही दिला. (तेव्हाच्या जपानी सरकारचे त्यात आपले हिशेब होते, ते वेगळं.) पुढं या निर्वासितांतल्या बऱ्याच जणांना तुर्कस्तानचं नागरिकत्व मिळालं. इमारत मात्र खिळखिळी होत गेली आणि १९८६ मध्ये पाडावी लागली. जागा तुर्कस्तानला देऊन टाकली, अट एकच: इथं परत मशीदच उभी राहिली पाहिजे.

मग तुर्कस्तानात वर्गणी गोळा झाली, तिथल्याच वास्तुकारानं, हिल्मी शेनाल्प यांनी, उस्मानी घडणीचा आराखडा केला. १९९८ ला काम सुरू. सांगाडा जपानी कंपनीनं उभारला, आणि संगमरवर, नक्षी, अक्षरं, लाकूडकाम करायला तुर्कस्तानहून सत्तरेक कारागीर आले. ३० जून २००० ला उद्घाटन.

म्हणजे जमीन जपानची, पहिला घाम तातारांचा, आताचा पैसा तुर्कांचा, नमाजाला इंडोनेशियन, पाकिस्तानी, बांगलादेशी, आणि बघायला जपानी. मग मशीद कुणाची म्हणायची?

कावळानाका

फोटो कुठायत? फोटो नाही तर गेलाच नाहीस असं समजण्यात येईल.

शब्दवेडा

लेख आवडला. 'जामी' म्हणजे आपली जामा मशीद बरं का. अरबीत धातू ज-म-अ, गोळा होणे, एकत्र येणे. शुक्रवारी सगळा गाव जिथं गोळा होतो ती जामा. तुर्कांनी उच्चार जरा मऊ केला एवढंच.

पुढचं ऐका. जमाव, जमात, जमाखर्च, जमाबंदी, आणि आपण रोज म्हणतो ते 'जमलं का?' सुद्धा त्याच धातूचं. अष्टप्रधानांतला मुजुमदार म्हणजे मजमूदार, जमेचा हिशेब ठेवणारा. तेव्हा 'कुणाची' या प्रश्नाचं उत्तर नावातच आहे, जो जमला त्याची. आमच्या गल्लीतले मुजुमदार हे वाचून काय म्हणतील ते मी उद्या कळवतो.

शंकेखोर

शब्दवेडा, व्युत्पत्तीनं वीजबिल भरत नाही. :)

मला यातला गोड गोड सूर खटकतो. परदेशी सरकार दुसऱ्याच्या देशात धर्मस्थळ आणि 'सांस्कृतिक केंद्र' बांधतं ते काय फुकट? ब्रसेल्सचं उदाहरण घ्या. तिथल्या मोठ्या बागेत १९ व्या शतकातला प्रदर्शनाचा मंडप रिकामा पडला होता. १९६९ मध्ये बेल्जियमच्या राजानं तो सौदी अरेबियाला ९९ वर्षांच्या करारानं दिला. सौदीच्या पैशानं डागडुजी होऊन १९७८ मध्ये मशीद आणि इस्लामी सांस्कृतिक केंद्र सुरू झालं. बेल्जियममधले मुसलमान बहुतेक मोरोक्को आणि तुर्कस्तानातून मजुरीला आलेले, पण केंद्राची सूत्रं सौदीकडं आणि शिकवण तिकडच्या कडक पठडीची. २०१६ चे बॉम्बस्फोट झाले, संसदेची चौकशी समिती बसली, तिनं या केंद्रावर ताशेरे ओढले आणि २०१८ मध्ये सरकारनं करारच मोडला. ९९ चे ४९ झाले.

इथं कुणी म्हणेल आपल्याकडं पण बांधू, तर आधी परदेशी देणग्यांचा कायदा वाचा. २०२० पासून असा पैसा फक्त दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येतो, मग देवळासाठी असो, मशिदीसाठी असो की चर्चसाठी.

साचेकर

शंकेखोर, ब्रसेल्सचं माहीत नव्हतं. मान्य. पण मग टोकियोत तसं का झालं नाही? तिथं पण एका सरकारचाच हात आहे ना.

शंकेखोर

झालं नाही म्हणजे होणारच नाही असं नव्हे. तुर्कस्तानच्या सरकारी धर्मखात्याचं नाव त्या केंद्राच्या नावातच आहे. पण एक फरक मी मानतो. टोकियोत आधी माणसं आली, त्यांनी जागा धरली, पैसा मागनं आला. ब्रसेल्सला आधी पैसा आणि करार, माणसांना कुणी विचारलंच नाही.

वीटमाती

वास्तुकलेच्या बाजूनं थोडं. रोमची मशीद कुणी बघितलीय का? मी शिकत असताना बघितली, दोनदा. दुसऱ्यांदा फक्त खांब बघायला गेलो.

पोपच्या गावात मशीद, म्हणजे केवढा गहजब झाला असेल बघा. रोम नगरपालिकेनं १९७४ मध्ये जागा दिली, सौदीच्या राजा फैझलनं पैशाचा मोठा वाटा उचलला, वीसहून जास्त मुस्लिम देशांनी भर घातली. तरी पायाभरणीला १९८४ उजाडलं आणि उद्घाटन २१ जून १९९५ ला. वीस वर्षं! आपल्या कोल्हापूरच्या रखडलेल्या बास्केट ब्रिजला नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

आराखडा तिघांचा. पाओलो पोर्तोगेझी आणि व्हित्तोरिओ जिल्योत्ती हे इटालियन, सामी मुसावी इराकी. आत शिरलं की पांढरे खांब झाडासारखे वर जातात आणि वर फांद्या फुटून एकमेकींत गुंततात. मधला घुमट वीस मीटरहून रुंद, भोवती सोळा लहान घुमट. बाहेरून मात्र रोमची फिकट वीट आणि तिथलाच ट्रॅव्हर्टीन दगड, आतली रंगीत फरशांची कलाकुसर मोरोक्कोच्या कारागिरांची. ग्रंथालय, सभागृह, वर्ग, सगळं आवारातच. बाहेरचं मोरोक्कोकडून आणून आत रोमन ठेवलं असतं तर ती प्रदर्शनातली वस्तू झाली असती. त्यांनी नेमकं उलटं केलं, म्हणून ती इमारत शहरात उपरी वाटत नाही.

आणि शुक्रवारी दुपारी फाटकाबाहेर बाजार भरतो. खजूर, पुदिना, गरम रोट्या, मटणाचे नाना प्रकार. अर्धे रोमन खायलाच येतात.

अवांतर: रोमचा विषय निघालाय म्हणून. शाहू महाराज १९०२ मध्ये राज्यारोहण सोहळ्याला विलायतेला गेले तेव्हा रोमला कलोसियम बघून आले, आणि १९१२ ला खासबाग मैदान झालं. कल्पना रोमची, माती इथली, आणि त्या मातीत पंजाबपासून कराचीपर्यंतचे पैलवान लोळले. खासबाग रोमचं म्हणून कुणी म्हणतंय का?

कावळानाका

वीटमाती, खासबागेचा मुद्दा नाद खुळा! बास्केट ब्रिजचा मुद्दा काढून टाका, जखम ताजी आहे.

कितानोकर

मूळचा गडहिंग्लजचा, सध्या कोबेत. साचेकर, टोकियोपर्यंत आलात आणि कोबे चुकवलंत! जपानातली पहिली मशीद आमच्याकडं, १९३५ ची. आणि तिच्यात सगळ्यात मोठा हात हिंदुस्थानी व्यापाऱ्यांचा. १९२८ पासून वर्गणी गोळा होत होती. हिंदुस्थानी, तातार, अरब सगळे त्यात. आराखडा एका चेक वास्तुकाराचा, यान श्वाग्र त्याचं नाव, आणि तो माणूस चर्च बांधणारा. बांधली जपानी कंपनीनं. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणता ना, ते हे. एकाही सरकारशिवाय.

१९४३ मध्ये जपानी नौदलानं ती ताब्यात घेतली होती. १९४५ च्या बॉम्बफेकीत आजूबाजूचा भाग जळून गेला, ही उभी राहिली. १९९५ च्या भूकंपात शहर आडवं झालं, तेव्हाही ही उभी. इथले म्हातारे अजून त्याबद्दल बोलतात.

आणि गंमत म्हणजे मशिदीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, याच कितानो भागात, संगमरवरी जैन मंदिर आहे. मोत्यांच्या व्यापाराला आलेल्या गुजराती जैनांनी बांधलेलं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा पाय आपोआप थांबले. आमच्या गडहिंग्लजच्या बाजारपेठेत उभा आहे असं वाटलं.

जमादारीण

इतका वेळ गप्प बसून वाचत होते. कोल्हापूरचीच, शाळेत शिकवते. माझे मिस्टर आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या ट्रस्टवर आहेत, त्यामुळं 'मशीद कुणाची' हा प्रश्न आमच्या घरी दर शुक्रवारी जेवताना येतो!

तुम्ही सगळे बांधण्याबद्दल बोलताय. बांधणं सोपं असतं हो. बांधायचं म्हटलं की गल्फमध्ये असलेला भाचाही पैसे पाठवतो, गल्लीतला फळवालाही पावती फाडतो. खरी परीक्षा नंतर. वजूच्या (नमाजाआधी हातपाय धुवायच्या) टाकीचा कॉक गळतो, इन्व्हर्टरची बॅटरी बसते, इमामसाहेबांचा पगार वेळेवर द्यायचा असतो. त्याला कुठला राजा येत नाही. आमच्याकडं दोन वर्षांपूर्वी वरच्या मजल्याचं वॉटरप्रूफिंग एका कंत्राटदाराला दिलं. पहिल्याच वळवाला छत गळलं आणि साहेबांनी फोन उचलायचं सोडलं. शेवटी मोहल्ल्यातल्याच पोरांनी रविवारी बसून डांबर मारलं, त्यात दोन पोरं शेजारच्या तालमीतली होती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, चहाची वेळ बघून आली असं आम्ही अजून चिडवतो.

दुसरं, साचेकर, एक विचारायचं राहिलं. बायकांना नमाजाला जागा कुठं होती? तुम्ही बघितलंच नसणार.

साचेकर

ताई, पकडलंत. पण बघितलं. वर सज्जा आहे बायकांसाठी, जिना वेगळा. तिथूनही घुमट पूर्ण दिसतो असं एका मलेशियन बाईंनी सांगितलं. आणि रमजानमध्ये संध्याकाळी रोजा सोडायला कुणीही येऊन बसलं तरी जेवायला वाढतात, धर्म विचारत नाहीत.

जमादारीण

जागा आहे हे वाचून बरं वाटलं. आमच्या ट्रस्टच्या पुढच्या बैठकीत हा धागा मिस्टरांच्या हातात देणार आहे. बघू.

दसराचौक_७२

मंडळी, उशिरा आलो. नावातला ७२ हे जन्मसाल नव्हे, ते वय आहे.

परदेशी मदत, परदेशी मदत चाललंय म्हणून सांगतो. १९०६ मध्ये मुसलमान मुलांनी शिकावं म्हणून शाहू महाराजांनी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली तेव्हा बाहेरून कोण आलं नव्हतं. राजा हिंदू, संस्था मुसलमानांची, आणि अध्यक्ष स्वतः महाराज! दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग त्यातूनच. शेजारी जैन बोर्डिंग, पलीकडं लिंगायतांचं, एकेका जातीधर्माला एकेक. कुराण मराठीत यावं म्हणूनही महाराजांनी पैसा दिला. का, तर इथला मुसलमान मराठी बोलतो, त्याला त्याच्या भाषेत कळलं पाहिजे.

त्याच महाराजांच्या दरबारात उस्ताद अल्लादिया खाँ. घराणं अत्रौलीचं, पण घर कोल्हापूर. त्यांचे चिरंजीव भूर्जी खाँसाहेब इथंच राहिले, अंबाबाईच्या देवळात त्यांनी गाणं केलं. माझ्या वडिलांनी ऐकलं होतं. वडील गाण्यातले औरंगजेब, पण त्या सकाळबद्दल बोलताना आवाज खाली यायचा.

आणि इथल्या बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलाय तो बघायला टोकियोला जावं लागत नाही. कुरुंदवाडला पाच मशिदींत गणपती बसतो. मधे काही वर्षं मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले तेव्हा पंजे आणि गणपती एकाच छताखाली होते. 'कुणाची' असलं विचारायला तिथं सवड कुणाला असते? प्रसादाची घाई असते.

शंकेखोर

दादा, आदर आहेच. पण कोल्हापुरात सगळं कायम गोडीगुलाबीनं चालतं असं लिहू नका. २०२३ च्या जूनमध्ये इथंच मोबाइलच्या स्टेटसवरून दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद करावं लागलं. शाहूंचा फोटो लावून तेही झालंच.

दसराचौक_७२

झालं. मी त्या दिवशी घरातच होतो, आवाज ऐकू येत होते. खोटं कशाला बोलू. बोर्डिंगचा इतिहास सांगितला तो अभिमानानं, पण मनात तो दिवस धरूनच.

जमादारीण

त्या आठवड्यात माझ्या वर्गात निम्मी बाकं रिकामी होती, दोन्हीकडची. पहिल्यांदा परत आलेल्या पोरांनी काय विचारलं माहीत आहे? "मॅडम, सहल रद्द झाली का?"

(विषयावर येऊ या.)

शब्दवेडा

आमच्या मुजुमदारकाकांना सांगितलं. म्हणाले, "म्हणजे आडनाव अरबी आणि मी चित्तपावन? बायकोला सांगू नकोस." आता आणखी एक. मशिदीची दिशा. किब्ला, म्हणजे नमाजाला तोंड करायची मक्केची दिशा, आपल्याकडं मावळत, असं हातानंच दाखवतात. टोकियोतही जवळपास मावळतीकडंच, जरा वायव्येला कललेली. पण रोममध्ये आग्नेयेला. म्हणजे रोमचा नमाजी आणि कोल्हापूरचा नमाजी साधारण एकमेकांकडं तोंड करून उभे असतात.

कावळानाका

हे भारी आहे. फोटो मात्र अजून नाहीत.

साचेकर

फोटो टाकतो रे बाबा, आकार कमी करायला येईना. तोवर चाचांचं सांगतो.

काल जेवणाच्या सुट्टीत त्यांना सगळे दाखवले. घुमटाला "हां, चांगलाय" एवढंच. मिनाराला काहीच नाही. खिडकीच्या फोटोवर थांबले, बोटांनी मोठा केला, चष्मा कपाळावर चढवला. रंगीत काचांच्या मधे ती पांढरी जाळी असते ना, तिच्यावर बोट. म्हणाले, "ह्याला टेपर कुठाय? असल्या वाकड्या जाळीचा पॅटर्न साच्यातनं निघंलच कसा? फुटणारच." (टेपर म्हणजे पॅटर्न साच्यातनं अलगद सुटावा म्हणून त्याच्या बाजूंना दिलेला तिरपेपणा.) जेवणाचा डबा तसाच. शिफ्टचा भोंगा झाला तरी फोन माझ्या हातात देईनात. वीटमाती, सांगा काही.

वीटमाती

चाचांना माझा नमस्कार सांगा, बरोबर जागी बोट ठेवलंय. टोकियोची जाळी मी हाताळलेली नाही, पण या प्रकारच्या खिडक्यांची जुनी रीत अशी. जिप्समची सपाट लादी ओततात. ती पुरती घट्ट धरायच्या आत पात्यानं नक्षी कापून काढतात, आणि पातं तिरपं धरतात, म्हणजे खालून बघणाऱ्याला उजेड पुरा मिळतो. मग रंगीत काचेचे तुकडे मागून लावतात आणि पातळ जिप्सम ओतून पक्के करतात. पॅटर्न नाहीच. त्यामुळं साचा सुटायचा प्रश्नच येत नाही.

साचेकर

वाचून दाखवलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग, "म्हंजे प्रत्येक खिडकी येगळी? हातानं? आनि तिरपं पातं... म्हंजे टेपरच की तो. उजेडाला टेपर दिलाय!" आणि हसत सुटले. कोअर शॉपमधली पोरं बघायला आली काय झालं म्हणून.

आज सकाळी आलो तर एका जुन्या कोअरबॉक्सात पीओपी ओतून ठेवलेलं. हॅक्सॉच्या तुटक्या पात्याला धार लावून झालीय. मला म्हणतात, "साहेब, कापाय मी कापतो, लाल काच कुठं गावंल?" मला माहीत नाही. खिडकीला लावायची, प्लॅस्टिक चालणार नाही म्हणतात. कुणाला ठाऊक आहे?

दसराचौक_७२

नवी घेऊ नका, वरून रंग मारलेली निघाली तर रंग सोडते. शुक्रवार पेठेत जुना वाडा पाडायचं काम सुरू आहे, दारांवर कमानीत लाल-निळ्या काचा आहेत. भंगारवाल्याच्या गाडीत जायच्या आत गाठा. मी उद्या सकाळी फिरायला तिकडंच जातो, नऊच्या आत चाचांना पाठवा.